बटाट्यांवर माती ओढणारी कुदळ

मित्रांनो, मागच्या दाराबाहेर भिंतीला टेकून एक कुदळ उभी असते, एका कडेला पातं झिजलेली. ती मी. माझ्याकडे सहसा कोणी बघत नाही. पायाला ठेच लागली तरच माणसं माझं नाव घेतात, आणि तेही चांगल्या शब्दांत घेत नाहीत. आज जरा बसा. मी लोखंडाची आहे. मला हसू येत नाही आणि रडूही येत नाही. जे झालं ते झालं तसं सांगेन.

आधी मी कुदळ नव्हते. एका जुन्या ट्रकच्या चाकावरची, धक्के झेलणारी पोलादी कमान होते. ट्रक मोडीत निघाला तेव्हा तिचा एक तुकडा लोहाराकडे आला. त्याने मला तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं. पहिल्यांदा पाण्यात बुडवतात तेव्हा लोखंडाचा मोठा आवाज होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, ते ओरडतंय. तसं काही नसतं. माझं पातं इतर कुदळींपेक्षा रुंद निघालं. लोहाराच्या हाताला तुकडाच रुंद लागला होता, त्यामागे फार विचार नव्हता. पण त्यामुळे मला दोन्ही कामं जमू लागली, खणायचंही आणि माती ओढायचंही.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते एका नळवाल्याने. त्याच्या हाताखाली मी रस्ते खणले, फरशा उचकटल्या, चिखलात बुडालेले पाइप शोधले. माझी ही कडा तेव्हाच झिजली. नळवाला कामाला चांगला, पण विसराळू होता. एकदा घराची दुसरी किल्ली करून घ्यायला तो एका किल्लीवाल्याच्या दुकानात आला. मला दुकानाच्या कडेला टेकवलं. किल्ली झाली तसा शीळ घालत निघून गेला. संध्याकाळी किल्लीवाल्याने वाट पाहिली, दुसऱ्या दिवशीही पाहिली. मग मला खांद्यावर टाकून घरी नेलं.

"ही कुणाची?" त्याच्या बायकोने विचारलं.

"गिऱ्हाइकाची. विसरून गेलाय. येईल परत."

"तो येईपर्यंत उभी ठेवणार की काय? कामाला लावा. रिकामं उभं राहिलं की गंजतं माणूससुद्धा. तुम्हाला नाही का लावलं मी कामाला?"

नळवाला काही आला नाही. तेव्हापासून किल्लीवाले माझे मालक आणि त्या माझ्या मालकीणबाई.

त्यांच्या घराच्या मागे जमिनीचा एक पट्टा होता. फार मोठा नाही. चार खाटा मांडल्या तर भरेल एवढा. एका बाजूला मेंदीचं कुंपण, दुसऱ्या बाजूला शेजारच्या शिवणवाल्या काकूंची खांद्याएवढी भिंत. मागच्या दाराला तीन पायऱ्या. त्या पट्ट्यात दरवर्षी बटाटे लावायचे. मालकीणबाईंच्या आईच्या परसातले बटाटे होते ते. बारके, वेडेवाकडे, लालसर सालीचे. बाजारात तसे मिळत नसत. लग्न झालं तेव्हा त्या आपल्या कपड्यांच्या पेटीत एक पिशवीभर बटाटे घेऊन आल्या होत्या. मालक चिडवायचे, "लोकांच्या बायका दागिने आणतात, आमच्या बाईंनी भाजी आणली." त्यावर त्या म्हणायच्या, "दागिन्याला मोड येत नाहीत."

मित्रांनो, बटाटे लावणं अवघड नाही. तुम्हीही लावू शकाल. बेण्यासाठी राखून ठेवलेले बटाटे मोड आले की कापायचे. प्रत्येक फोडीला निदान एक तरी डोळा हवा. फोडीला राख चोळून ती सावलीत सुकू द्यायची, ओली पुरली की सडते. मी सरी काढायची, मालकीणबाईंनी डोळा वर करून फोडी ठेवायच्या, मी परत माती ओढायची. मग बरेच दिवस काही दिसत नाही. नंतर एके दिवशी जमीन भेगाळते आणि गडद हिरवं, चुरगळलेलं पान वर येतं. झाड वीतभर झालं की बुंध्याशी दोन्ही बाजूंनी माती चढवायची. थोड्या दिवसांनी पुन्हा चढवायची. बटाटा उघडा पडला तर उन्हाने हिरवा होतो आणि मग तो खाण्याजोगा राहत नाही. म्हणून त्याला झाकायचं. पण झाडाला श्वास घ्यायला वरची पानं मोकळी ठेवायची.

हे शेवटचं वाक्य मला माहीत होतं. मालकांना नव्हतं.

त्याचं असं झालं. पहिल्या वर्षी मालकांनी एकट्याने माती चढवली. किल्ल्या-कुलपांच्या माणसाला घट्ट बसवायची सवय असते. स्क्रू बसला तरी ते आणखी एक पीळ देत. मातीचंही त्यांनी तसंच केलं. मालकीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि कपाळावर हात मारून पायरीवरच बसल्या.

"अहो, बटाटे लावलेत की गाडलेत? थोडं आणखी ओढा, म्हणजे पाताळातून निघतील."

"पाताळातल्या लोकांना भाजी नको का?" मालक म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांची वाटणी ठरून गेली. मालकांनी माती ओढायची. मालकीणबाईंचा गुडघा धरायचा, त्यांना फार वेळ वाकवत नसे. त्यांनी मधल्या पायरीवर बसून बघायचं, आणि वेळ आली की म्हणायचं, "पुरे." पुरे म्हटलं की मालक थांबायचे आणि मला पुढच्या झाडाशी न्यायचे. कशावरून पुरे, किती झालं की पुरे, हे मालकांनी कधी विचारलं नाही आणि मालकीणबाईंनीही कधी सांगितलं नाही. गरजच पडली नाही. अशी वर्षं गेली. छोटी, म्हणजे त्यांची लेक, मोठी झाली, दवाखान्यात मलमपट्टीच्या कामाला लागली, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. चाळिशीला आली तरी घरात ती छोटीच. मालकांनी दुकान बंद केलं. माझा दांडा दोनदा बदलला. बटाटे दरवर्षी आले. मालकीणबाई निवडून निवडून बेणं बाजूला ठेवायच्या आणि बाकीचे खायला काढायच्या.

मग ते वर्ष आलं.

त्या वर्षीही दोघांनी मिळून लावणी केली. मालकीणबाईंनी सगळं बेणं लावून टाकलं, घरात एकही राखून ठेवला नाही. "जागा आहे तर लावू सगळे," त्या म्हणाल्या. फोडी मातीत होत्या, कोंब अजून वर आले नव्हते, तेव्हा एका सकाळी त्या अंथरुणातून उठल्या नाहीत.

मी मागच्या भिंतीशी होते. घरात माणसं आली. पुष्कळ आली. मग गेली. कुणीतरी माझ्यावर ओला टॉवेल वाळत घातला आणि तो तसाच राहिला.

छोटी काही दिवस राहिली. तिने कपाट आवरलं, डबे भरले. जाण्याआधी ती मागच्या दारात उभी राहिली. जमिनीतून पहिली पानं वर आली होती.

"बाबा, हे आईचे बटाटे ना?"

"हं."

"बेणं ठेवलंय का घरात?"

"नाही. सगळं लावलंय."

छोटी बराच वेळ पानांकडे बघत राहिली. "म्हणजे आता हे एवढेच," ती म्हणाली. "बाबा, हे मरू देऊ नका हं. मला दुसरं काही नको तिचं. साड्या नकोत, भांडी नकोत. हे तेवढे जगू द्या."

"हं," मालक म्हणाले.

त्यांनी ते मनावर घेतलं. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते दुर्लक्षामुळे झालं नाही.

झाडं वीतभर झाली. मालकांनी माझ्यावरचा टॉवेल काढला, मला हातात घेतलं आणि पहिल्या झाडाशी माती चढवली. बरोबर चढवली होती. मग ते थांबले आणि त्यांनी पायरीकडे पाहिलं. पायरी रिकामी होती. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी आणखी एकदा माती ओढली. पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही. चहा व्हायचा, कप धुवायचा, आणि मला घेऊन पट्ट्यात यायचं. सरीतली माती संपली तशी त्यांनी वाटेवरची ओढली. वाटेवरची संपली तशी मेंदीच्या कुंपणाखालची ओढली. मुळं उघडी पडली. माझ्या दांड्यावर त्यांचे हात रोज त्याच जागी पडत. त्यांची पकड घट्ट नव्हती आणि सैलही नव्हती. आजवर त्यांच्या हातातून मला पुष्कळ कळायचं, आज घाई आहे, आज राग आहे, आज पाठ दुखतेय. त्या दिवसांत काही कळेना. लोखंडाने लोखंड धरावं तसं होतं ते.

माती पानांना टेकली. मग पानांवर गेली. रोज झाड थोडं वर यायचं आणि रोज आम्ही ते झाकायचो.

आणि मित्रांनो, माझं तेव्हा जेवढं कौतुक झालं तेवढं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"काय किल्लीवाले, आज पण जोरात!" शिवणवाल्या काकू भिंतीपलीकडून, तोंडात टाचण्या धरून म्हणायच्या. त्यांच्या मशीनजवळच्या खिडकीतून फक्त मालकांचं डोकं आणि खांदे दिसत. "छान. हात चालले पाहिजेत. आमचे हे गेले तेव्हा मी दोन महिन्यांत गावातले सगळे पडदे शिवले होते."

मालक मान हलवायचे.

काकू छोटीला फोनवर सांगायच्या, तेही मी ऐकलं. "अगं, काही काळजी करू नकोस. पहाटेपासून बागेत असतात. सावरतायत बघ." मग छोटी मालकांना फोन करायची. ते पायरीवर उभे राहून बोलायचे. "हो. जेवलो. हो, बटाट्यांचंच करतोय. रोज करतो." दवाखान्यात रजा मिळत नव्हती म्हणून तिला येता येत नव्हतं. तिने कुणाच्या तरी हाती बाबांसाठी हातमोजे पाठवले आणि माझ्या पात्यासाठी एक नवी कानस. मालकांनी दोन्ही खिडकीत ठेवलं.

मला ठाऊक होतं काय चाललंय. पण कुदळीला थांबता येत नाही. तिला नेतील तिथे ती जाते.

शेवटी एका रविवारी छोटी आली. मागचं दार उघडून हसत बाहेर आली आणि पहिल्या पायरीवर थबकली. पट्ट्यात गुडघ्याच्या वर जाईल असा मातीचा लांब ढीग होता. कडा एकदम सरळ, थापून गुळगुळीत केलेल्या. त्यावर हिरवं काही नव्हतं.

"बाबा, झाडं कुठायत?"

"आत आहेत."

"आत म्हणजे?"

"आत."

"पण पानं कुठे गेली? काकू तर म्हणाल्या..." ती खाली उतरली. ढिगाला हात लावला. "बाबा, हे काय केलंत? किती माती घातलीत?"

मालक माझ्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभे होते. आवाज चढला नाही, उतरला नाही. दुकानात गिऱ्हाइकाला किल्ली कधी मिळेल ते सांगावं तसं ते म्हणाले, "पुरे म्हणायला कोणी नव्हतं."

भिंतीपलीकडचं शिलाई मशीन थांबलं होतं. काकू भिंतीशी आल्या होत्या, टाचा उंचावून बघत होत्या. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "मी रोज वाहवा करत बसले की."

छोटीने माझ्याकडे पाहिलं, मला मालकांच्या हातातून काढून घेतलं आणि दूर गवतात टाकलं. मग गुडघ्यांवर बसून हाताने माती बाजूला करू लागली. जखमेवरची चिकटलेली पट्टी काढतात तसं, घाई न करता. काकू भिंतीला वळसा घालून आल्या. "मी काय करू ते सांग," म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता तगारीत माती भरून कुंपणाच्या मुळांवर नेऊन टाकू लागल्या. मालक उभेच होते. थोड्या वेळाने तेही खाली बसले आणि दुसऱ्या टोकाने माती काढू लागले.

काही झाडं काळी पडून सडली होती. ती हातात चिंधीसारखी आली. काही पांढरट, पिवळी, लांबट झाली होती, पण धरून होती. छोटीने त्यांची वरची पानं मोकळी केली, एकेक, बोटाने. संध्याकाळपर्यंत ते चाललं.

"आता हात लावायचा नाही, बाबा," निघताना ती म्हणाली. "फक्त पाणी घालायचं. काकू बघतील. जगली तर जगली."

"हं," मालक म्हणाले.

मला गवतातून कुणी उचललं नाही. मुद्दाम नसेल, पण नाही उचललं. माझ्यावर दव पडलं, पाऊस पडला, गंज चढला. एक गोगलगाय माझ्या पात्याखाली राहायला आली. मी नळवाल्याची वाट पाहिली नव्हती आणि आता मालकांचीही पाहिली नाही. पडून होते. मालक पायरीवर येऊन बसत. शेवटच्या पायरीवर, मधल्या नाही. पट्ट्याकडे बघत. मी दिसत असेन, पण त्यांची नजर माझ्यावर थांबली असं मला आठवत नाही. काकू यायच्या, पाणी घालायच्या, काहीबाही बोलायच्या, कधी डबा ठेवून जायच्या. मालक डब्यातलं खायचे. "कसं झालंय?" त्या विचारायच्या. "चांगलं," ते म्हणायचे. एकदा काकू भाजीत तिखट घालायला विसरल्या होत्या. तेव्हाही चांगलं. एकदा आमटी आंबली होती. तेव्हाही चांगलंच. मग काकूंनी विचारायचं सोडून दिलं.

उरलेल्या झाडांचा पाला पिवळा पडला, मग वाळून आडवा झाला. बटाटे काढायची ती खूण असते. साल घट्ट व्हायला थोडे दिवस जाऊ द्यायचे आणि मग खणायचं. छोटी रजा काढून आली. मला गवतातून ओढून काढलं, गोगलगाय बाजूला ठेवली, आणि खणायला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती मला चालवत होती. पहिलाच घाव तिने झाडाच्या अगदी जवळ घातला आणि माझ्या पात्याखाली काहीतरी कर्रकन कापलं गेलं.

तिने माती बाजूला केली. लालसर सालीचा बटाटा, मधोमध दोन तुकडे. आत पांढरा शुभ्र. त्यावर लगेच पाणी सुटलं.

"गेला," ती म्हणाली. "आहेत तेवढ्यातलाही एक कापला मी. बाबा, मला नाही जमत हे."

मालक पायरीवरून उठले. जवळ आले. तिच्या हातातून मला घेतलं. माझ्याकडे नीट पाहिलं, गंजाकडे, झिजलेल्या कडेकडे.

"जवळून नाही घालायची," ते म्हणाले. "बुंध्यापासून वीतभर लांबून घालायची. तिरकी. आणि मग वर नाही उचलायचं, नुसतं मागे ढकलायचं, म्हणजे माती आपोआप फुटते. नंतर हाताने." एवढं सलग ते कितीतरी दिवसांत बोलले नव्हते. "हे बघ."

त्यांनी मला लांबून घातलं. मागे ढकललं. माती फुटली आणि आत बटाटे दिसले. बारके, वेडेवाकडे. थोडेच. दुसऱ्या झाडाखाली आणखी थोडे. सडलेल्या झाडांखाली काहीच नव्हतं. छोटी हाताने वेचत गेली, मालक मला चालवत गेले. त्यांच्या पकडीत मला त्या दिवशी थोडी पाठ दुखल्याचं कळलं.

सगळे मिळून एक पसरट टोपलीही भरली नाही. छोटीने ती पायरीवर ठेवली आणि मालकांकडे पाहिलं.

"बाबा, खायचे की ठेवायचे?"

"खायला कुठे आहेत? सगळे बेण्याला." मग त्यांनी कापलेले दोन तुकडे उचलले. "हा टिकायचा नाही. हा घे उकडून."

मला दाराशीच टेकवून ते आत गेले. दार उघडं होतं, म्हणून पुढचं मी ऐकलं. पातेल्यात पाणी उकळल्याचा आवाज. ताटली ठेवल्याचा आवाज. एकच बटाटा, दोन तुकडे, दोन माणसं. बराच वेळ नुसता चमच्याचा आवाज.

"कसा आहे?" छोटीने विचारलं.

मला वाटलं, मालक आता म्हणतील, चांगला.

"अळणी आहे," ते म्हणाले. "मीठ कुठाय? उकडताना पाण्यात मीठ घालायचं असतं, छोटे. एवढंही शिकवलं नाही का तुला कोणी?"

आत खुर्ची मागे सरकली. छोटी उठली असावी. मिठाच्या डब्याचं झाकण निघालं. मग मुसमुसल्याचा आवाज आला, तिचा की मालकांचा ते मला दाराबाहेरून कळलं नाही.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. बेणं आत अंधाऱ्या फळीवर ठेवलंय, जगलं तर लावणी होईल. मी आता बोथट झाले आहे आणि माझा दांडा हलतो. माझ्यासाठी काही मागायचं तर एवढंच, की काम झाल्यावर मला गवतात टाकू नका, कोरडं करून ठेवा. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. कुणी एकटं माणूस रोज न चुकता राबताना दिसलं, तर भिंतीपलीकडून वाहवा करून परत फिरू नका. वळसा घालून आत या. त्याच्या पायाशी काय आहे ते डोळ्यांनी बघा.